राखण कोणासाठी?

‘सर, राखण म्हणजे गार्ड!’

दहावीच्या वर्गात मागच्या बाकावरून हे उत्तर आले आणि सारा वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही. उत्तर देणाऱ्या मुलाचे वडील एका मोठ्या इमारतीच्या फाटकाशी रात्रपाळीला बसतात, हे मला ठाऊक होते. त्याच्यापुरते ते उत्तर अगदी बरोबर होते. तरीही ते ऐकून काहीतरी खटकले. काय खटकले ते मला तिथल्या तिथे सांगता येईना. तेव्हा असल्या प्रसंगी मास्तर जे करतात तेच मी केले. ‘राखणे’ या क्रियापदाचा वेगवेगळ्या अर्थांनी उपयोग करून पाच वाक्ये लिहून आणा, असा गृहपाठ दिला.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. ‘आजोबा गुरे राखतात.’ ‘पाहुण्यांचा मान राखावा.’ ‘बाबांनी दिलेला शब्द राखला.’ ‘माझी आई दुसऱ्याचे बाळ राखायला जाते.’ ‘न्यायाधीशांनी निकाल राखून ठेवला.’ एकाने तर ‘मी परीक्षेत हातचे राखून लिहिले नाही’ असे लिहून आपल्या गुणपत्रिकेचे आगाऊ समर्थनही करून टाकले होते. आणि एका हुशार मुलीने लिहिले होते, ‘माझा मोठा भाऊ मला राखतो.’

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. मी बरोबरची खूण केली आणि पुढची वही ओढली. त्या खुणेची मला पुढे लाज वाटायची होती; पण ते ओघाने येईलच.

मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकच्या पलीकडे माझे शिक्षण गेले नाही. मुलांना शिकवता शिकवता आणि चार कादंबऱ्या लिहिता लिहिता जे शब्द हाताखालून गेले, तेवढीच माझी विद्या. तिच्या बळावर दिवाळीच्या फराळाबरोबर आज एवढा एकच शब्द आपणापुढे ठेवतो आहे.

आधी त्या पाहुण्या शब्दाचा समाचार घेऊ. ‘गार्ड’ फ्रेंचांच्या घरून इंग्रजांकडे आला. त्याचाच सख्खा भाऊ ‘वॉर्ड’. मूळ दोघांचे एकच. एक सरळ वाटेने आला आणि दुसरा फ्रान्सला वळसा घालून आला, म्हणून तोंडवळा निराळा झाला. तेव्हा इस्पितळातला वॉर्ड, वसतिगृहाचा वॉर्डन आणि आगगाडीचा गार्ड ही सारी एकाच घराण्यातली मंडळी. 1891 साली मिरजेहून आगगाडी कोल्हापुरात आली, तेव्हा शेवटच्या डब्यात निशाण घेऊन गार्डसाहेबही आले. 2022 साली रेल्वेने त्यांचे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले; पण लोकांच्या तोंडी ते अजून गार्डच आहेत. सायकलीबरोबर मडगार्ड आले. क्रिकेटबरोबर ‘गार्ड घेणे’ आले. 1946 साली मुंबई प्रांतात होमगार्ड उभे राहिले. आणि आता तर बँकेपासून मंगल कार्यालयापर्यंत प्रत्येक दाराशी खुर्ची टाकून एक गार्ड बसलेला असतो.

या साऱ्या गार्डांचा गुण एकच. ते दोन गोष्टींच्या मध्ये उभे राहतात. मडगार्ड चिखल आणि धोतर यांच्या मध्ये, फाटकावरचा माणूस रस्ता आणि घर यांच्या मध्ये. जे राखायचे ते गार्डचे नसते. पाळी संपली की तो डबा उचलून घरी जातो. शब्द कसा स्वच्छ आहे! फाटकाशी उभा राहतो, घरात पाऊल टाकीत नाही.

आपले ‘राखणे’ तसे नाही. ते थेट माजघरात येऊन बसते. जपणे, सांभाळणे, बाळगणे, मागे ठेवणे, लपवणे, आपल्या ताब्यात ठेवणे इतके सारे अर्थ त्याच्या एका ओच्यात आहेत. संस्कृत ‘रक्ष्’ हे त्याचे मूळ, हे मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच मुळापासून आलेल्या ‘रक्षा’ या शब्दाचा दुसरा अर्थ राख, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी आपण पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जन करतो, ती हीच रक्षा. आता रक्षण आणि राख यांचे नाते काय? उत्तर आमच्या आजीच्या धान्याच्या मडक्यात होते. कडधान्याला कीड लागू नये म्हणून ती चुलीतली चाळलेली राख त्याला चोळून ठेवी. पोर रात्री दचकून उठले की त्याच्या कपाळाला अंगारा लावी. जळून गेले त्याचेच जे उरले ते, ज्याला जगायचे आहे त्याची राखण करते. इतका खोल अर्थ त्या मडक्यात होता. पण आजीला तो कोणी विचारला नाही, आणि तिनेही सांगितला नाही.

मराठीतली राखण प्रथम शेतातली. आपल्या वाङ्मयाच्या अगदी पहिल्या पायरीवर, हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, भाताचे शेत राखणारी पोर भेटते. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली हा महाराष्ट्री प्राकृतातला ठेवा मराठी वाचकांच्या हाती दिला, तेव्हापासून माझ्यासारख्या संस्कृत-प्राकृत न येणाऱ्यालाही तिची ओळख होऊ शकली. त्यातल्या एका गाथेत साळीचे पीक पांढुरके होऊन कापणीला येते, आणि ते पाहून एक तरुणी मान खाली घालून रडते. पीक पिकल्याचे दुःख कसले? मैत्रीण तिची समजूत घालते, अगं, तागाचा मळा वाढला आहे की! वाचक हसतो. शेत कापले जाणार म्हणजे भेटीची जागाच जाणार, तिला त्याचे रडू. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कवीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. माणूस नुसता राखण्याची वस्तू नसतो. त्याला स्वतःचे मन असते आणि ते मन आपला आडोसा आपण शोधते.

शेताच्या राखणीची दुसरी कथा तुकोबांची. चरित्रकारांनी ती भक्तिभावाने सांगितली आहे. एका शेतकऱ्याने तुकोबांना शेत राखायला बसवले. पाखरे आली. तुकोबांना त्यांना उडवून लावण्याचा धीर होईना. भुकेला जीव दाण्यावर बसला आहे, त्याला हाकलणारे आपण कोण? पाखरांनी पीक खाल्ले, मालकाने बोभाटा केला, आणि शेवटी मळणी झाली तेव्हा अपेक्षेहून जास्त धान्य निघाले. चमत्कार बाजूला ठेवू. उरते ती गोष्ट एका वाईट राखणदाराची. माळ्यावर हातात गोफण घेऊन बसलेल्या माणसाने कधी न विचारलेला प्रश्न तुकोबांनी विचारला : मी राखतो आहे ते कोणापासून, आणि कोणासाठी?

मला वाटते, ‘राखणे’ या शब्दाचे सारे मर्म याच प्रश्नात आहे. गार्डला हा प्रश्न पडत नाही. त्याचे उत्तर त्याच्या नेमणुकीच्या कागदावर असते. राखणाऱ्याला मात्र तो रोज नव्याने सोडवावा लागतो. तो विसरला की काय होते, हे आपल्या म्हणीने चार शब्दांत सांगून ठेवले आहे. ‘कुंपणच शेत खाते.’

जुन्या राज्यकर्त्यांना हे पक्के ठाऊक होते. सभासदाच्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था सांगितली आहे. एका किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी. एकाने फितूर व्हायचे म्हटले तरी दुसरे दोघे होतेच. म्हणजे राखणाऱ्यावरही राखण. आमच्या गगनबावड्याच्या अमात्यांच्या नावे असलेले आज्ञापत्र त्याही पुढे जाते. आरमाराला लाकूड हवेच. पण रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे बळजबरीने तोडू नयेत, असे ते बजावते. आरमार कोणाच्या रक्षणासाठी? रयतेच्या. मग त्याच रयतेचे झाड तोडून ते बांधले, तर राखले काय?

याच कोल्हापूरच्या इतिहासात मात्र राखणीचे एक असे प्रकरण आहे, की ते आठवले म्हणजे ‘गार्ड’ हा शब्दसुद्धा मला स्वच्छ वाटेनासा होतो. चौथे शिवाजीमहाराज 1871 साली दत्तक म्हणून करवीरच्या गादीवर आले. वयाने लहान होते, म्हणून त्यांच्यावर पालक नेमले गेले. पुढे त्यांचे मन बिघडले असे ठरवण्यात आले. मन बिघडले होते म्हणून पहारा बसला, की पहाऱ्याने मन बिघडले, याचा वाद तेव्हाही झाला. पुण्याच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ पत्रांनी महाराजांचा छळ होतो आहे असा आवाज उठवला. दिवाण बर्वे यांनी फिर्याद केली. छापलेली पत्रे न्यायालयात टिकली नाहीत आणि 1882 साली टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकशे एक दिवस काढले. त्याच वर्षी महाराजांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात नेऊन ठेवले होते. आणि 25 डिसेंबर 1883 रोजी, तैनातीला असलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. ऐन तारुण्यात.

सरकारी दप्तरात ही सारी व्यवस्था महाराजांच्या संरक्षणासाठीच होती. पालक होते, वैद्य होते, पहारा होता, किल्ल्याच्या भिंती होत्या. कशाची म्हणून उणीव नव्हती. फक्त एक गोष्ट कोणी केली नाही. ज्याला राखायचे त्याला विचारले नाही.

इथे मला माझ्या धंद्याबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण समीक्षकाने आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी. मराठी कादंबरीला राखणारा पुरुष फार प्रिय. घराण्याची अब्रू राखणारा थोरला भाऊ, गाव राखणारा पाटील, विधवा भावजयीला सांभाळणारा दीर. माझ्याच दोन कादंबऱ्यांत असे थोरले भाऊ आहेत. वाचकांची पत्रे आली. दादा डोळ्यांसमोर उभा राहिला, वाचून रडू आले, असे त्यांत होते. त्या वेळी मी सुखावलो. परवा ती पुस्तके पुन्हा चाळली, तेव्हा ध्यानात आले की दादा पानोपानी बोलतो; आणि ज्या बहिणीसाठी तो एवढा झिजतो, ती अख्ख्या कादंबरीत ‘बरं दादा’ याखेरीज फारसे काही बोलतच नाही. तिची अब्रू राखली गेली, पण ती अब्रू होती कोणाची? तिची की घराची? लेखक म्हणून मी विचारलेच नाही. माळ्यावरच्या राखणदाराचे चित्र रंगवण्यात मी इतका दंग झालो, की शेतातल्या पोरीकडे पाहायचे राहून गेले. गाथेतल्या कवीने दोन ओळींत जे केले, ते मला तीनशे पानांत साधले नाही.

आणि भाषा तर आपल्याला केव्हापासून सावध करीत आली आहे. ‘रखेली’ हा शब्द कोठून आला? याच घरातून. राखता राखता जो माणूस राखलेल्याचा मालक होतो, त्याची साक्ष त्या शब्दाने कायमची देऊन ठेवली आहे. आपण शब्द तोंडावाटे काढायला लाजतो. ज्या वृत्तीतून तो जन्मला तिला मात्र लाजत नाही.

पण म्हणून राखणे वाईट, असे म्हणून चालणार नाही. त्याच शब्दाची दुसरी बाजू आपल्या कोल्हापुरातच, त्याच गादीवर उजळून निघाली आहे. चौथ्या शिवाजीमहाराजांच्या मागे आनंदीबाई राणीसाहेबांनी 1884 साली कागलकर घाटग्यांचा एक मुलगा दत्तक घेतला. तेच राजर्षी शाहू छत्रपती. 26 जुलै 1902 रोजी, महाराज स्वतः विलायतेत असताना, त्यांचा हुकूम निघाला : संस्थानात यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या शंभरातल्या पन्नास मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांना द्याव्यात. या व्यवस्थेला मराठीत पुढे जो शब्द रुळला तो पाहा. ‘राखीव जागा’. कोणाच्या हातचे काढून घेतलेले नव्हे, कोणाला दान म्हणून टाकलेलेही नव्हे. जो अजून दारापर्यंत पोहोचलाच नाही, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही, तो येईपर्यंत त्याची जागा राखून ठेवलेली.

पंगतीत उशिरा येणाऱ्यासाठी पान मांडून ठेवतात, तसे. किंवा त्याहून नेमके सांगायचे तर शेतकरी बी राखतो तसे. भर उन्हाळ्यात कणगी तळाला लागली, पोरे भुकेने कुरकुरू लागली, तरी बियाण्याच्या मडक्याला हात लागत नाही. ते मडके घरातच असते, घरच्यांच्याच ताब्यात असते; पण ते त्यांचे नसते, ते पुढच्या पावसाचे असते. आणि पाऊस पडला की ते फोडावेच लागते. पेरलेच नाही, तर राखले कशाला?

‘राखीव’ याच शब्दाचे जंगलातले नशीबही असेच पालटले. राधानगरी-दाजीपूरचे रान संस्थानाच्या काळी शिकारीसाठी राखीव होते. म्हणजे जनावर राखायचे ते राजाच्या बंदुकीसाठी. 1958 साली तेच रान गव्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले. झाडे तीच, गवे तेच, राखणेही तेच. बदलला तो ‘कोणासाठी?’ या प्रश्नाचा जबाब, आणि तेवढ्याने सारा अर्थ उलटा झाला.

आता त्या वहीकडे वळतो.

यंदा दहावीचा निकाल लागला तेव्हा ती मुलगी पेढे घेऊन आली. गुण उत्तम होते. मी सहज विचारले, ‘अकरावीला कुठे?’ ती पेढ्याच्या पुड्याकडे पाहत म्हणाली, ‘बघू सर. दादा म्हणतोय, कॉलेज लांब पडतंय. एसटीतनं जायाचं, पोरं कशी असत्यात... घरातच ऱ्हा म्हणतोय.’

‘माझा मोठा भाऊ मला राखतो.’ दहा महिन्यांपूर्वी मी बरोबरची खूण केली होती ते वाक्य डोळ्यांसमोर उभे राहिले. मी त्यात क्रियापद तपासले होते. कर्म तपासले नव्हते. मुलीने मला पत्र लिहिले होते आणि मी त्याला गुण देऊन मोकळा झालो होतो.

भावाला मी ओळखत होतो. वडिलांच्या मागे विशीतच घर ओढणारा, निर्व्यसनी, बहिणीवर जीव टाकणारा मुलगा. तो दुष्ट असता तर काम सोपे झाले असते. मी घरी गेलो, मास्तरकीच्या थाटात दोन-चार उपदेश केले. तो मान खाली घालून म्हणाला, ‘सर, तुम्ही म्हणताय ते खरं. पण काय झालंबिलं तर कोण बघणार?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. भीती खोटी नव्हती. उत्तर दिले ते चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या त्याच्या आईने. मागे न वळता ती म्हणाली, ‘पोरगी म्हंजे काय पेवात घालून ठेवायचं धान्य हाय व्हय रं? पेवातलं बी येळंवर न्हाई काढलं तर कुजतंय.’

एवढेच. मी चहा घेऊन उठलो. आठ दिवसांनी कळले की तिचा अर्ज भरला गेला. आणि अर्ज भरायला भाऊच तिच्याबरोबर गेला होता. यात माझे श्रेय काही नाही. ज्या शब्दाचा अर्थ मी कोशातून आणि इतिहासातून शोधत बसलो होतो, तो त्या माउलीला पिठाच्या हातांनी सापडला होता.

चार दिवसांवर भाऊबीज आली आहे. त्या दिवशी आपण सारे भाऊ पाटावर बसू, ओवाळणी घालू आणि मनात म्हणू, मी हिचा राखणकर्ता. पण या सणाची मूळ कथा आठवा. यमुनेच्या घरी यम जेवायला आला, तिने त्याला ओवाळले, आणि त्या दिवशी जो भाऊ बहिणीच्या हातचे जेवील त्याला तुझे भय नसावे, असा वर मागितला. राखीचेही तेच. पुराणात रक्षेचा दोरा इंद्राच्या हाताला त्याच्या पत्नीने बांधला, तो त्याने तिला राखावे म्हणून नव्हे, तर युद्धाला निघालेल्या त्याचेच रक्षण व्हावे म्हणून. म्हणजे दोरा बांधणारी आणि निरांजन ओवाळणारी, तीच मुळात राखणारी. आपण पाटावर बसलो म्हणून राखणदार झालो, असे नव्हे.

तेव्हा वाचकहो, यंदा ओवाळणीचे तबक समोर आले की ताटात काय घालायचे ते घालाच. पण बहिणीला एकदा विचाराही, ‘ताई, तुझं काय राखायचं आहे?’ ती काय सांगेल ते मला ठाऊक नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत मात्र मी त्या वाक्यापुढची बरोबरची खूण खोडून एक प्रश्नचिन्ह काढले आहे. वही तिने माझ्याकडेच ठेवली आहे. राखून ठेवा, म्हणाली.